जावयासाठी केलेलं मतदान

आदरणीय व्याहीबुवा,

पाया पडलेलं तुम्हाला आवडत नाही, म्हणून लांबूनच नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? विहीणबाईंचा खोकला गेला, की पाहुण्यासारखा पाय पसरून बसलाय? आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पुढचं मात्र बसून वाचा.

तुमच्या चिरंजीवांची नोकरी गेल्या वर्षीच गेली. (तुमच्याशी फोनवर ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणतात ते माझ्या घराच्या वरच्या खोलीतून. भाड्याचं घर सोडून सगळे इथेच आलेत.) तुम्हाला कळू द्यायचं नाही, अशी मला शपथ घातली होती. घरजावई हा शब्द मी कधी तोंडातून काढला नाही. पण जिना चढताना त्यांची पावलं तो शब्द काढतात, आणि माझे कान तुम्हाला ठाऊकच आहेत.

आता मूळ मुद्दा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा इंटरनेटवर एक कट्टा असतो. अडलेला माणूस तिथे प्रश्न टाकतो, जाणता फुकटात उत्तर देतो. उत्तर पटलं की लोक मत देतात आणि मतांचे पॉइंट होतात. जावईबापूंनी बारा वर्षं सगळ्या जगाच्या अडलेल्या गाड्या ढकलल्या. पॉइंट एवढे झाले, की आकडा सांगताना माझी लेक आवाज खाली करते. नोकरीच्या अर्जात त्यांनी तो आकडा नावाच्या खालीच घातला. अर्ज गेले ते गेलेच. नकार द्यायचीही तसदी कोणी घेतली नाही.

शेवटी एका कंपनीनं बोलावलं. व्याहीबुवा, मी झाडू मारत वर चढलेला, ग्रिल-गेट करणारा माणूस. वेल्डर ठेवायचा तर त्याला दोन पट्ट्या जोडायला देतो, वर हातोडा मारतो आणि कान लावतो. सांधा कच्चा असला तर आवाज बद्द येतो. पॉइंटवर हातोडा कुठे मारणार? पण पॉइंट म्हणजे मतं, आणि मतं गोळा करण्यात माझा हात कोण धरणार? (व्यापारी संघाच्या निवडणुका मी उगाच नाही जिंकलो.) मुलाखतीच्या आधी एका जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपमधल्या सगळ्यांना फोन काढायला लावले. कटिंगवाला, रंगारी, हिशेबाच्या बाई, शिवाय आमची ही आणि तिच्या मैत्रिणी. प्रत्येकाचं खातं उघडलं आणि जावयाच्या उत्तरांवर धडाधड मतं टाकली. रंगारी म्हणाला, “शेठ, उत्तर वाचायचं का?” मी म्हटलं, “मत देताना कोण वाचतं रे?”

त्या कट्ट्यावर पहारा असतो, हे मला मागाहून कळलं. एकाच जागेवरून एकाच माणसाला पडणारी मतं त्यांनी बरोबर पकडली. आमची मतं रद्द झाली, ते ठीक. पण जावयाचं खातं वर्षभर बंद. पॉइंटच्या आकड्याच्या जागी नुसता एक, आणि वर सगळ्या जगाला दिसेल अशी पाटी: मतदानात गैरप्रकार.

मुलाखतीला मीच गाडीतून घेऊन गेलो. बाहेर सोफ्यावर बसलो, मध्ये काचेची भिंत. ग्राइंडरच्या कलकलाटात कुजबुज ऐकत म्हातारे झालेले माझे कान, काच काय चीज आहे! साहेब म्हणाले, “ते पॉइंट वगैरे आम्ही धरत नाही हं.” जावई म्हणाले, “चालेल, काम देऊन बघा.” काम दिलं, त्यांनी केलं. एक बाई तर “वा!” म्हणाल्या. मी सोफ्यावर मांडीवर थाप मारली. तेवढ्यात कोणीतरी कट्ट्यावरचं त्यांचं पान उघडलं.

“हे काय आहे?”

“सर... हे मी आत्ताच बघतोय. मी केलेलं नाही.”

“सगळे असंच म्हणतात.”

मग खुर्च्या सरकल्याचा आवाज. म्हणजे बघा, पॉइंट होते तेव्हा त्यांना कवडीची किंमत नव्हती. गेले तेव्हा भाव आला. जावई गाडीत बसले, पट्टा लावला आणि “चला बाबा,” एवढंच म्हणाले. तेव्हापासून फारसं बोललेले नाहीत. कोणी केलं, हे त्यांना माहीत नाही. लेकीला संशय आहे. ती चहा देते अजून, पण कप ठेवल्याचा आवाज मला कळतो.

विहीणबाईंना हे पत्र दाखवू नका.

आपला,
(व्याही म्हणवून घ्यायला सध्या लाजणारा) व्याही

ता. क. : पत्र लिहायचं खरं कारण. ती मतं तुम्ही टाकली असं चिरंजीवांना सांगाल का? बापाचा वेडेपणा मुलगा पोटात घालतो. सासऱ्याचा कळला तर हा माणूस तडक जिना उतरेल, आणि उतरून जाणार कुठे?

ता. क. २ : अगदीच खोटं नाही होणार. एक खातं तुमच्या नावानंही उघडलंय. फोटो लग्नातला लावलाय, छान आलाय.

ता. क. ३ : पाकीट चिकटवत होतो, तर वरून बोलणं ऐकू आलं. खातं बंद आहे, तरी जावई रोज लोकांचे प्रश्न उघडतात आणि अख्खं उत्तर रिकाम्या खोलीला समजावून सांगतात. मी जिन्यात उभं राहून ऐकलं. मला एक अक्षर कळलं नाही. पण आवाज कुठेही बद्द नव्हता. वरची विनंती विसरा. मीच जातो वर. तुम्ही फोन जवळ ठेवा, आणि चिरंजीव ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणाले तर ठेवून देऊ नका.