माझ्या फिल्टरमध्ये वशिला चालणार नाही

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं होतं. आमचा गाद्यांचा कारखाना, ऑर्डरी मेलवर येतात. साहेब म्हणाले, सकाळी मेल उघडला की लॉटरी, वजन उतरवायच्या गोळ्या आणि कुठल्या तरी राजपुत्राचा वारसा. त्यात ऑर्डर शोधता शोधता दुपार होते. हा कचरा बंद करा, मग एकतीसला तुमच्या कॉन्ट्रॅक्टचं बघू. 'बघू' म्हणजे पर्मनंट. साहेबांची भाषा मला बरोबर कळते. घरी बायकोला सांगितलं. तिने लगेच आईला फोन लावला. आता माघार नाही.

४ मार्च, मंगळवार
काम सोपं आहे. प्रत्येक मेलला फिल्टर गुण देतो. पाच झाले की मेल स्पॅममध्ये. कशाला किती गुण, हे ठरवणार मी. 'मोफत' तीन. 'तातडीने' अडीच. ढीगभर उद्गारचिन्हं, अडीच. सगळं अंदाजाने, पण अनुभवी अंदाजाने. हिशेबवाल्या बाई म्हणाल्या, आपल्या ओळखीच्या लोकांची यादी करून त्यांना सरळ आत सोडा की. मी हसलो. यादी म्हणजे वशिला. माझ्या फिल्टरमध्ये वशिला चालणार नाही.

५ मार्च
कचरा निम्म्यावर. साहेब जिन्यात माझ्याकडे बघून हसले. निदान माझ्या दिशेने तरी.

७ मार्च, शुक्रवार
एका हॉस्टेलच्या वॉर्डनबाई थेट ऑफिसात धडकल्या. चाळीस गाद्या मागवल्या होत्या, एकही आली नाही, मुली फरशीवर झोपताहेत. ऑर्डर स्पॅममध्ये सापडली. 'तातडीने' आणि चार उद्गारचिन्हं. बरोब्बर पाच. मी त्यांना शांतपणे समजावलं की गादी मागवताना एवढं उत्तेजित व्हायची गरज नव्हती. त्यावर त्या जे बोलल्या ते लिहीत नाही. साहेबांनी उभ्या उभ्या गाद्या टेम्पोत चढवायला लावल्या. मलाही. कंबर धरली आहे.

१० मार्च, सोमवार
'तातडीने' एकवर आणलं. वॉर्डनबाई सुटतील, पण लॉटऱ्याही सुटल्या. 'लॉटरी'ला पाच दिले. लॉटरीवाले आता 'बक्षीस' लिहितात. 'बक्षीस'लाही पाच. दुपारी कळलं, पॅकिंगवाल्या काकांना उत्तम कामगाराचं बक्षीस जाहीर झालं होतं. तो मेल अडकला. साहेब पुष्पगुच्छ घेऊन उभे, टाळ्या वाजवायला सगळे हजर आणि काका बाहेर पंक्चर काढत बसलेले. बायको म्हणाली, तुम्ही जरा हात आवरा. तिला यातलं काही कळत नाही.

१२ मार्च, बुधवार
मूळ दुखणं सापडलं. फिल्टरला चांगला मेल म्हणजे काय हेच कुणी शिकवलेलं नाही. नमुना दाखवला की तो शिकतो. पण नमुना आणायचा कुठून? आमच्या लोकांना ना मायना ना पूर्णविराम. एक वाक्य, तेही अर्धं. शोधता शोधता बाहेरच्या एका कंपनीचा मेल हाती लागला. काय मेल होता! 'सप्रेम नमस्कार'ने सुरुवात, एकही उद्गारचिन्ह नाही, शेवटी आभार. मजकूर वाचत बसलो नाही, आपल्याला रूपाशी मतलब. तोच आदर्श म्हणून फिल्टरला घोटून शिकवला. त्यासारख्या मेलला उणे पाच, मायना नसलेल्याला अधिक पाच.

१४ मार्च, शुक्रवार
शांतता. एकही तक्रार नाही! बायकोने विचारलं, तक्रारी करतात कशावर? म्हटलं, मेलवर. जेवण झाल्यावर लवकर झोपलो.

१८ मार्च, मंगळवार
साहेबांनी बोलावलं. तीन दिवसांत त्यांना एकाच कंपनीचे मेल आले, सहा. बाकी काही नाही. मी म्हटलं, याला शुद्धता म्हणतात. ते म्हणाले, आपलं गोदाम सांभाळणाऱ्या माझ्या भावाचा मेल कुठाय? भाऊ मायना लिहीत नाही हे सांगण्याची ती वेळ नव्हती. तत्त्व थोडं बाजूला ठेवलं आणि आमच्या ऑफिसच्या पत्त्यावरून येणारं सगळं बिनगुणांचं आत सोडलं. हा वशिला नव्हे. घरातल्या माणसाला दार उघडणं आहे.

२० मार्च, गुरुवार
अनर्थ. साहेबांच्या पत्त्यावरून साऱ्या ऑफिसला मेल: 'टक्कल घालवा, माझा स्वतःचा अनुभव.' कुणा चोराने साहेबांचं नाव लावून पाठवला आणि मीच उघडलेल्या दारातून तो आत आला. साहेबांच्या डोक्यावर एक केस नाही. दिवसभर कुणी त्यांच्याकडे मान वर करून बघेना. त्यांना वाटलं, आपला धाक बसला. संध्याकाळी हिशेबवाल्या बाईंनी प्रिंट काढून टेबलावर ठेवली.

२१ मार्च
दार बंद केलं. साहेब बोलत नाहीत. आकडे बदलत राहिलो. काय वर केलं, काय खाली, आता माझं मलाच आठवत नाही. हात लावायचीही भीती वाटते आणि न लावायचीही.

२६ मार्च, बुधवार
त्या आदर्श मेलवाल्या कंपनीचा माणूस आला. टाय लावलेला. ते तयार फिल्टर विकतात. मेल त्याचेच होते. साहेबांनी मलाही बसवून घेतलं. टायवाला म्हणाला, दुसरीकडे कुठेही आमचे मेल पोचत नाहीत हो, सगळे स्पॅममध्ये जातात. तुमच्याकडे मात्र प्रत्येक मेल प्रत्येक माणसाला मिळाला, असं ऑफिस मी पाहिलं नाही. त्याने उठून माझा हात हातात घेतला आणि मनापासून आभार मानले. साहेब माझ्याकडे बघत होते. मला पाणी प्यावंसं वाटलं, पण ग्लास लांब होता.

२८ मार्च, शुक्रवार
कॉन्ट्रॅक्ट वाढवणार नाहीत. साहेबांनी तोंडावर सांगितलं. मेलवर भरवसा नाही म्हणाले. बायको रागावली नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं. आईला अजून काही सांगू नकोस म्हटलं. तिने मान हलवली.

३१ मार्च, सोमवार
शेवटचा दिवस. चार वाजता कॅन्टीनमध्ये माझ्यातर्फे चहा, असा सकाळीच सगळ्यांना मेल टाकला. चांगला लिहिला होता. खूप आठवण येईल वगैरे. तीस कप मांडून ठेवले. सव्वाचार झाले, कुणी नाही. साडेचारला शंका आली. वर जाऊन बघितलं. 'आज शेवटचा दिवस', साडेतीन. सेलवाल्यांसाठी मीच ठेवले होते. एकदम सगळ्यांना पाठवला म्हणून दोन. एकूण साडेपाच. महिन्यात पहिल्यांदा मला नक्की कळलं होतं कुठला आकडा खाली आणायचा. पण टायवाल्याने त्यांचा फिल्टर बसवायला घेतला होता आणि पासवर्ड दुपारीच बदलला होता. टेबलाटेबलापाशी जाऊन या म्हणायला हवं होतं. जमलं नाही. लाज वाटली.

टायवाला तेवढा खाली आला, स्पॅम चाळताना माझा मेल त्याने वाचला होता. दोन कप प्यायला. साडेतीनच का, तीन का नाही, असं त्याने विचारलं. उरलेला चहा मोरीत ओतला, कप विसळून ठेवले.

घरी बायकोने विचारलं, निरोपाला कोण कोण आलं होतं? म्हटलं, सगळे.