पहिल्या पानावर श्री

क्योटो, ३ मे २०२५

ती. आत्यास सुरुचीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि भांडण नीट ऐकू जायला हवं, म्हणून पत्र. गेल्या महिन्यात आगाशीला आले होते, तेव्हा माझ्या कोऱ्या वहीत हळदकुंकवाने श्री कुणी काढला? इथल्या देवळांत पुजारी या वहीत कुंचल्याने देवळाचं नाव लिहितात, वर लाल शिक्का उमटवतात. तुझे गुडघे इथल्या पायऱ्या चढायचे नाहीत, म्हणून वहीभर देवळं गोळा करून दिवाळीला तुझ्या हाती द्यायचा माझा बेत. काल पहिल्याच देवळात वही उघडली, तर समोर श्री! पुजाऱ्यांनी ती अदबीने परत केली. म्हणाले, या वहीत देवळांखेरीज दुसरं काही चालत नाही. आता बोल!

रागावले आहे, पण माया तेवढीच आहे.

तुझी,
सुरुची


आगाशी, १७ मे

॥ श्री ॥

चि. सुरुचीस मनोरमाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव चुटपुटला. अगं, कोरी वही दिसली की माझा हात आपोआप कुंकवाकडे जातो. तुझी आई गेल्यावर तू माझ्याकडे आलीस, त्या जूनमध्ये बाजारातून तुझ्या वह्या आणल्या. ओटीवर बसून मी एकेकीवर श्री काढायचे आणि तू फुंकर घालून वाळवायचीस. गणिताच्या वहीवर दोनदा काढायला लावायचीस, लबाड! फार आठवतात गं ते दिवस. आता केळीचा घड उतरवला तरी खायला घरात कुणी नाही.

ते पान फाडून टाक. माझ्या वेडेपणापायी तुझी वही वाया नको.

तब्येतीला जप, म्हातारीवर राग धरू नकोस.

तुझी,
आत्या


क्योटो, १ जून

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पान फाडता येत नाही, सगळी वही एकाच लांब कागदाची घडी आहे. आणि येत असतं तरी फाडलं नसतं. खरं सांगते, नवी वही घ्यायलाच निघाले होते. वाटेत टेकडीवर एक लहानसं देऊळ लागलं. तिथे शिक्के द्यायला तुझ्याच वयाच्या एक बाई बसतात. भीत भीत वही पुढे केली. त्यांनी श्री कितीतरी वेळ निरखला, बोटाला लागलेली हळद हुंगली आणि विचारलं, हे कुठल्या देवळाचं?

मी म्हटलं, मनोरमा, आगाशी.

त्यांनी मान लववली आणि शेजारच्या पानावर लिहायला घेतलं.

दिवाळीला येतेच आहे. तोवर मला अशीच आठवत राहा.

तुझी,
सुरुची