बाबांचं बुधवारचं कार्ड

वेस्ट विंडसर
२४ फेब्रुवारी २००७

प्रिय प्रसन्न,

गेला आठवडाभर तुझे फोन घेतले नाहीत, ईमेललाही उत्तर दिलं नाही, त्याबद्दल माफ कर. आजारी नव्हते, कामातही नव्हते. फोनवर तुझं नाव दिसलं की उचलून आपण काय बोलू याची खात्री वाटत नव्हती, म्हणून तो वाजू देत होते. इथे घरी रवींद्र म्हणाला, एकदा भांडून मोकळी हो. पण तुझ्याशी फोनवर भांडता येत नाही. तू मध्येच हसतोस, "चिल, ताई यार" म्हणतोस, आणि मग मलाच वाटायला लागतं की मी उगाच आवाज चढवते आहे. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही, म्हणून कागदावर.

रागावले आहे, हे आधीच सांगून टाकते. या रागाची मी माझ्यापुरती झाडाझडती घेतली. वर्गणी भरून घाऊक सामान घ्यायच्या त्या जुन्या क्लबची बाजू मी घेतली होती आणि तू नवा निवडलास, त्याचा तर हा राग नाही ना? नाही. बाबा तुझ्याकडे राहतात, त्यांचं औषधपाणी, डॉक्टर, दाढीचं ब्लेडसुद्धा तू आणि कादंबरी बघता, आणि मी अर्ध्या तासावर राहून पाहुणीसारखी येऊन जाते. मग मला रागावण्याचा हक्क आहे का? हा प्रश्न मला जास्त छळतो. बहुधा नसेल. पण हक्क नाही म्हणून राग आवरतो असं काही दिसत नाही.

तुझी ती दोन क्लबांची तुलना करणारी ईमेल आज पुन्हा वाचली. चांगली होती, हे कबूल करते. दूध, तेल, टॉयलेट पेपर, गाडीचं पेट्रोल, सगळे भाव शेजारी शेजारी मांडले होतेस. नवा क्लब तुझ्या स्टेशनच्या वाटेवर, तिथे कुपनं चालतात, पाकिटं लहान म्हणून ब्रेड वाया जात नाही. जुन्याचा सुका मेवा चांगला, पण शनिवारी पार्किंग मिळता मिळत नाही. रवींद्रने टायरांबद्दल लिहिलं. कादंबरीने लिहिलं की चौघांच्या घरात मेयोनेजची बादली कशाला हवी. मीही बदामांच्या बाजूने मत दिलं होतं. आणि जुना क्लब वर्गणी परत करतो म्हणून वर्ष संपायची वाट न बघता तू ते खातं बंद केलंस आणि नव्यात नाव घातलंस. एका घराला दोनच कार्डं. एक तुझं, एक कादंबरीचं. हिशेबात कुठे चूक नाही. फक्त त्या सगळ्या रकान्यांमध्ये बुधवार नव्हता.

तो आपल्यापैकी कोणालाच सुचला नाही, मलाही नाही. पण बुधवार तुझ्या घरातून निघत होता, म्हणून तुलाच विचारते. आई गेल्यावर तू बाबांना नागपूरहून आणलंस, तेव्हा कादंबरीला त्या प्रचंड दुकानाचा कंटाळा म्हणून दुसरं कार्ड बाबांच्या नावाने काढलंस. सहज काढलंस. तू ते विसरूनही गेला असशील. मागे तो काळपट फोटो, त्यात बाबा शिंक येण्याच्या बेतात असल्यासारखे दिसतात. बाबा मात्र ते कार्ड शर्टाच्या खिशातून कधी काढून ठेवत नसत. या देशात गाडी तुझी, घर तुझं, फोन तुझ्या नावाचा. बाबांच्या नावाचं, इथल्या माणसांनी फोटो काढून हातात दिलेलं, असं ते एवढंच होतं.

हिवाळ्यात तुमच्याकडच्या फुटपाथवर बर्फ गोठतं आणि म्हाताऱ्या माणसांना फिरायला जागा राहत नाही. बाबांच्या तिथल्या दोन मित्रांपैकी एकनाथकाकांकडे लायसन्स आहे आणि सुनेची जुनी गाडी आहे. पण त्यांच्या घरातलं दुसरं कार्ड सुनेकडे, मोहनकाकांच्या घरातलंही सुनेकडेच. बाबांच्या कार्डावर दोन पाहुणे आत नेता येत. म्हणून दर बुधवारी हे तिघे त्या क्लबात फिरायला जात. दारातल्या माणसासमोर बाबा कार्ड वर धरून म्हणत, "दीज जंटलमेन आर विथ मी." मोहनकाका त्यांना चिडवत, "चला, साहेबांची पार्टी आली." मग भिंतीकडेने फेऱ्या. बाबांनी जन्मभर वीज मंडळाचं स्टोअर सांभाळलेलं; ते दर फेरीला वर बघून सांगत, माल कसा लावलाय बघा, जड खाली आणि हलका वर, आमच्याकडे हे पोरांना शिकवता शिकवता मी रिटायर झालो. फुकट चाखायला देणाऱ्या बाईकडे मोहनकाका एकदा टोपी घालून जात आणि एकदा टोपी काढून. विकायला ठेवलेल्या बागेतल्या खुर्च्यांवर, छत्रीखाली, बाहेर शून्याखाली असताना तिघे बसून राहत. आणि निघताना बाबा केळी घेत, कारण नुसतं फिरून रिकाम्या हाताने परतणं बरं दिसत नाही. हे सगळं मला या आठवड्यात कळलं. तुला तर अजूनही माहीत नसेल.

तुझा पंधरवड्यापूर्वीचा फोन आठवतो? "ताई, बाबा विसरायला लागलेत." बंद केलेलं कार्ड घेऊन ते जुन्या क्लबात गेले, गल्ल्यावर अडवलं, आणि स्वतःच म्हणाले की मुलाने सांगितलं होतं, मी विसरलो. एकनाथकाकांच्या सुनेने कादंबरीला सांगितलं आणि कादंबरीने तुला. तू न्यूरॉलॉजिस्टची येत्या गुरुवारची वेळ घेऊन टाकलीस. तुझा आवाज घाबरलेला होता, ते मला कळलं. मीही घाबरले. मागच्या शनिवारी तुमच्याकडे आले ती बाबांना भेटायला नाही, त्यांची परीक्षा घ्यायला आले होते. चष्मा कुठे ठेवतात ते बघत होते. शेजाऱ्यांची नावं मुद्दाम विचारत होते. बाबांनी नावं सांगितली, त्यांच्या कुत्र्याचंही सांगितलं, आणि वर विचारलं, "मालू, तू आज जनगणनेला आलीस का?"

म्हणून त्याच दुपारी, तिथूनच मी एकनाथकाकांना फोन केला. आधी त्यांनी त्या बुधवारचं सगळं सांगितलं. मग म्हणाले, "मला एक सांग पोरी, प्रसन्नाने त्याला खरंच सांगितलं होतं का? सांगितलेला माणूस दारात असा ऐटीत कार्ड वर करतो का?" तुला त्या वेळी मी विचारलं नाही, कादंबरीला विचारलं, कधी सांगितलं होतं, कोणापुढे. ती बिचारी खरोखर आठवायला लागली आणि म्हणाली, "अहो ताई, त्या ईमेलमध्ये बाबांना सीसी केलं होतं ना."

सीसी केलं होतं! वेदांतने पहिल्या उन्हाळ्यात आजोबांना गंमत म्हणून काढून दिलेला तो पत्ता. त्यात बाबांनी एकदाही डोकावलेलं नाही, पासवर्ड वेदांतलाही आठवत नाही. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "आत्या, नोबडी युजेस दॅट वन." बाबा तुझ्याच घरात, तुझ्या जेवणाच्या टेबलाशी, रोज तुझ्यासमोर भात कालवतात. भात वाढताना एक वाक्य बोलायचं होतं. खोटं बोलला असतास तर मला एवढं लागलं नसतं. पण तुला मनापासून वाटतं की तू सांगितलंस. ऑफिसात कोणाला कळवायचं राहू नये म्हणून नाव घालतात, तसं तू बाबांचं नाव घातलंस आणि तुझ्या लेखी ते काम झालं. याचाच मला संताप येतो.

आता त्या दिवशी गल्ल्यावर काय झालं ते ऐक. एकनाथकाका बाबांच्या मागेच उभे होते. मशीनने आवाज केला. गल्ल्यावरच्या मुलीने पुन्हा कार्ड फिरवलं, मग वरच्या बाईला बोलावलं. ती सभ्यपणे बोलली, तिचा काही दोष नाही. म्हणाली, मुख्य सभासदाने हे खातं बंद केलेलं आहे. मागे रांग होती. मोहनकाका तावातावाने पुढे झाले, "देअर मस्ट बी सम मिस्टेक." बाबांनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना मागे ओढलं आणि त्या बाईला हसून म्हणाले, "नो, नो. माय सन टोल्ड मी. आय फर्गॉट." केळी उचलून तिच्या हातात परत दिली, वर सॉरीही म्हणाले. तिघे गाडीत येऊन बसले. मग बाबाच म्हणाले, "वय झालं बुवा आता." त्यानंतरच्या बुधवारी एकनाथकाकांनी हॉर्न वाजवला तर बाबांनी खिडकीतून हात हलवून नको सांगितलं.

कळलं तुला? ते विसरले नव्हते. त्यांना माहीतच नव्हतं. मुलाने आपल्याला विचारलंही नाही आणि सांगितलंही नाही, हे आपल्या मित्रांसमोर उघडं पडू नये म्हणून त्या एका क्षणात त्यांनी स्वतःचं डोकं कमजोर ठरवून घेतलं. आणि तू ते खरं मानलंस! बाबांनी कधी गॅस चालू ठेवला? कधी रस्ता चुकले? वेदांतला पाढे कोण पाठ करून घेतं? एवढ्या वर्षांत जे दिसलं ते सगळं बाजूला आणि एका सुनेने दुसऱ्या सुनेला सांगितलेलं वाक्य खरं. तू वाईट मुलगा नाहीस, प्रसन्न. वाईट असतास तर मी असलं पत्र लिहायला बसलेच नसते. पुढेमागे बाबा खरोखर विसरायला लागले तर डॉक्टरकडे मी स्वतः तुझ्याबरोबर येईन, रजा काढून येईन. पण तुझ्यासाठी बोललेल्या खोट्याची तपासणी करून घ्यायला त्यांनी त्या खुर्चीत बसायचं, हे मी होऊ देणार नाही.

आता हे पत्र का लिहिते आहे, ते. त्या शनिवारीच मी बाबांना विचारलं. ते स्वयंपाकघरात लसूण सोलत होते. आधी म्हणाले, "एकनाथच्या पोटात काही राहत नाही." मग सुरी खाली ठेवून म्हणाले, प्रसन्नाला बोलू नकोस, तो स्वतःला खात बसेल, एक तपासणी तर आहे, जाऊन येतो. आणि मग आवाज अगदी बारीक करून मला विचारलं, "तारीख सांगताना इथे महिना आधी सांगायचा ना गं? तिथे गांगरून उलट सांगितली आणि त्यांनी चूक धरली तर?" ते तयारी करतायत, प्रसन्न. बसल्या बसल्या शंभरातून सात सात वजा करतात. ज्या माणसाला काहीच झालेलं नाही, तो नापास होण्याच्या भीतीने अभ्यास करतो आहे, आणि तरीही तुला कळू द्यायचं नाही म्हणतो. त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला आणि मी दिला. आठवडाभर पाळलाही, तुझे फोन न घेणं म्हणजे तेच होतं. आज तो मोडते आहे. मोडायला हवा होता का, हे मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही, पण गुरुवार त्यासाठी थांबणार नाही. ती वेळ रद्द कर. घाईघाईने जुन्या क्लबात जाऊन नवं कार्ड त्यांच्या हातात ठेवू नकोस, तेही त्यांना न विचारता केलेलंच होईल. त्यांच्यासमोर बस, मी सांगितलंच नव्हतं असं तुझ्या तोंडाने म्हण, आणि कुठला क्लब घ्यायचा ते त्यांना विचार. ते 'काही नको' म्हणतील. तरी उठू नकोस.

तुझीच,
मालूताई

माझं उद्याचं काम: बाबांना सांगणे, की मी शब्द मोडला.