गोल, जाड, तिरपं अक्षर

४ फेब्रु., मंगळ.
फलक करायला ढोकीला. रविवारी सकाळी दहाला शिक्षण खात्याचे साहेब शाळेत येणार. गावाला शाळा हवी असेल तर गाव तिथं दिसलं पाहिजे, नाहीतर जूनपासून आपली पोरं हायवे ओलांडून पलीकडच्या गावात.

रफिकभाई पूर्वी ब्रशनं भिंती रंगवायचे. काय हात होता! आता फ्लेक्स. मी 'शाळा वाचवा' म्हणालो, संगणकाच्या पडद्यावर तेच नेहमीचं अक्षर आलं. गोल, जाड, तिरपं. बॉनेटला रेलून फोटो काढणाऱ्या पुढाऱ्यासारखं, पोट सुटलेलं. तेरखेड्याच्या फटाक्यांच्या डब्यावर ठीक, तिथं नुसता आवाज करायचाय. नळदुर्गकडच्या धाब्यांवर ठीक. पण हल्ली दशक्रियेच्या फलकावरही हेच! मेलेला माणूस सेलमध्ये निघाल्यासारखा. ह्या अक्षराला कुठं कोन नाही, म्हणजेच मत नाही.

"सरळ, बारीक, काळं करा."
र.भाई: "कुणी थांबायचं न्हाय, भाऊ."
"लोकांना कमी लेखता तुम्ही."

६ फेब्रु.
फलक लागला. पांढऱ्यावर काळं, ताठ. दोनदा बघून आलो.

९, रवि.
अकरा माणसं. त्यांत मी, हेडमास्तर आणि साहेबांचा ड्रायव्हर. चाळीस मिनिटं बोललो. इतकं चांगलं क्वचितच बोललो असेन. रिकाम्या सतरंज्यांना.
साहेब: "पुढच्या रविवारी याच वेळी पुन्हा येतो. मग अहवाल देणार."

१०
शेजारच्या गोदाकाकूंना विचारलं, आला का नाहीत?
"सरकारी बोर्ड दिसला, बाबा. रस्त्यात जमीन गेली तवा असलाच लागला हुता. आमी तिकडनं जायाचंच सोडलं."
"अहो, वाचून तरी घ्यायचं कुणाकडनं!"
"वाचायचं कशाला? दिसतंय की."
म्हणजे माझं ताठ अक्षर बघून अख्खं गाव वळसा घालून गेलं. ह्यांना फुगलेलं, रेललेलं, गोडगोड तेवढंच आपलं वाटतं. सरळ उभं काही दिसलं की पळ.
पण सरळ उभं ते कुणाच्या हातात पाहिलं ह्यांनी आजवर? जमीन घेणाऱ्यांच्या.
तरी राग जात नाही.

१२, बुध.
ढोकी. र.भाई नुसते हसले. तेच अक्षर, पिवळी किनार, लाल सावली. वर माझा फोटो. "फोटूबगर बोर्ड उघडा दिसतो, भाऊ." फोटो शाळेच्या नावाच्या दुप्पट. किळस आली. हो म्हणालो.
संध्याकाळी फलक लागला, बायको सुमन बघून आली. "नावं कशाला ठेवता त्या अक्षराला? तुम्ही आणि ते, नवराबायको शोभताय."

१५, शनि.
थांबतात. खरंच थांबतात, मान वर करून हसतात, आणि तारखेपलीकडं एक अक्षर वाचत नाहीत.
संध्याकाळी बालाजीनं उसाचा ट्रॅक्टर माझ्याजवळ उभा केला. "भाऊ, वाढदिवस उद्याच व्हय? सांगायचं न्हाय व्हय लेका माणसाला! जेवण हाय का?"
खोटं बोललो नाही कधी, असं दर भाषणात ठासून सांगतो मी. शाळेचं सांगायला तोंड उघडलं. मागं ट्रॉलीत सात-आठ जण, सगळे माझ्याकडं बघत.
"हाय," म्हणालो. "शाळेत. धाच्या ठोक्याला. समद्या गल्लीला घेऊन ये."
सुमनला अजून सांगितलेलं नाही.