तोंडाची मारबत

सानगडी,
तान्ह्या पोळ्यानंतरचा रविवार

तीर्थस्वरूप मोठ्या आईच्या पायी हेमराजचा डोकं टेकवून नमस्कार. मेघाचाही नमस्कार, भात उतू चालला आहे म्हणून तिने तो चुलीपाशी उभ्यानेच केला आहे. पत्र गुड्डीच वाचून दाखवत असणार, तेव्हा चि. गुड्डीला अनेक आशीर्वाद आणि एक विनंती, की कंसातला मजकूर तिने मनातल्या मनात वाचावा. (गुड्डी, कंस तुझ्यासाठी आहेत. आजीची काठी हाताजवळ असेल तर बोलता बोलता जरा लांब सरकवून ठेव.)

तुझा गुडघा आता कसा आहे? मेघा म्हणते, एरंडाचं पान गरम करून बांध. इकडे धानाचं रोवणं आटोपलं, शेताजवळची बोडी पाण्याने काठोकाठ भरली आहे, आम्ही सगळे खुशाल आहोत. फोन करायचा सोडून हा पत्र काय लिहीत बसला, असं तुला वाटेल. पण फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मला सांगायची आहे ती गोष्ट गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडून सांगण्यासारखी नाही. शिवाय फोन चंद्रकुमारदादाच्या हातात. तो जर मोबाईलवर तुला काही व्हिडिओ दाखवायला आला, तर हे पत्र संपेपर्यंत चष्मा सापडत नाही म्हणून सांग. (गुड्डी, चष्मा तूच कुठे तरी ठेव.)

तुला ठाऊकच आहे, मी मोटारपंप वाइंडिंग करणारा माणूस. जळालेली मोटार आली की तांब्याची तार काढायची, नवी गुंडाळायची, गिऱ्हाइकाला सांगायचं की तीनपैकी दोनच फेज असताना पुन्हा चालवू नको, आणि तो पुन्हा चालवतो. त्यात माझं पोट भरतं. मन भरत नाही, म्हणून मूर्त्या करतो. मूर्त्या करून मन भरतं असंही नाही, उलट गेल्या दोन वर्षांत ते रिकामंच होत चाललं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या तान्ह्या पोळ्याला मी शेजाऱ्यांच्या लेकराला मिरवायला सागाचा नंदी कोरला. लेकरांच्या लाकडी बैलांना बक्षीस देणारे गुरुजी बाहेरगावचे होते. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, घोरपड फार सुंदर जमली आहे, पण इथे फक्त बैल घेतात. मग गणपती केला. शेजारची ताराबाई आरतीला आली, भक्तिभावाने हात जोडले आणि हळूच विचारलं, "कोन्ता देव होय जी हा?" (मोदक मात्र तिने चार खाल्ले.) त्यानंतर एका कृषी मेळाव्यात हौशी कलावंतांसाठी एक टेबल ठेवलं होतं, तिथे मी बाबांचा मातीचा चेहरा नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर बाबा भोपळ्यांच्या रांगेत. रांगेला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं, ते बाबांच्या उजवीकडच्या भोपळ्याला.

तू हसत असशील. मीही लोकांसमोर हसलो. पण घरी आल्यावर कोरण्या, पटाशी, तारेचा ब्रश सगळं पोत्यात बांधलं आणि आढ्याला टांगून ठेवलं. मोटार दुरुस्त करताना वर पाहिलं की ते पोतं दिसायचं आणि वाटायचं, हेमराज, तुझ्या बोटांत तार गुंडाळण्यापलीकडे काही नाही, उगाच मातीची नासाडी करून राहिला. असा आवाज कानात बसला की निघत नाही. तो दरवेळी नव्याने बोलतही नाही, तेच तेच बोलतो, आणि तरी दरवेळी खरा वाटतो. मग एक दिवस बुधरामची मोटार चौथ्यांदा जळून आली. मी चौथ्यांदा तार गुंडाळली आणि ती गुपचूप चालू झाली. मला वाटलं, या डबड्याला कोणी सांगत नाही की तुझ्यात गुण नाही, सोडून दे. त्याच दिवशी पोतं खाली काढलं.

यंदा दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरेल तेव्हा नाटकाच्या मांडवाच्या तोंडाशी माणसाएवढी एक मूर्ती ठेवायची परवानगी मी मंडळाकडून मिळवली. मूर्ती कोणाची, तर आपल्या ओळखीच्या एका आदरणीय, वयोवृद्ध आणि देवाच्या दयेने हयात असलेल्या बाईमाणसाची. (गुड्डी, थांबू नकोस, पुढे वाच.) मनाशी ठरवलं, ही शेवटची परीक्षा. मी न सांगता गावातल्या एका तरी माणसाने ही मूर्ती ओळखली, तर जन्मभर माती मळीन. नाही ओळखली, तर पोतं सरळ तलावात. अडचण एकच होती. त्या बाईंना फोटो काढायचा इतका तिटकारा, की कॅमेरा दिसला की त्या पाठ फिरवतात. त्यामुळे समोर ठेवायला मिळाला तो फक्त आधार कार्डावरचा फोटो. आधार कार्डावर माणूस कसा दिसतो ते तुला मी सांगायला नको. मी मात्र इमानदारीने, जे दिसलं ते केलं. कपाळाला आठ्या होत्या, आठ्या कोरल्या. ओठ आवळलेले होते, आवळले. डोळे कॅमेऱ्यावर धावून जात होते, तेही तसेच केले.

बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर तणस, त्यावर तलावाची चिकणमाती, आणि पेटीत एक हिरवं लुगडं सापडलं ते नेसवलं. आता श्रावणात माती वाळते कशी? छपरीत ठेवली तर मेघा दिवसातून दहादा दचकायची. पोळ्याच्या दिवशी मात्र कडक ऊन पडलं. बैलांना त्या दिवशी सुट्टी, म्हणून बंडी रिकामी होती. मी आणि मेघाचा भाऊ पिंटू, दोघांनी मूर्ती उचलून बंडीवर बसवली आणि जिकडे ऊन तिकडे बंडी असं करत करत संध्याकाळी ती रस्त्याच्या कडेला येऊन थांबली. रात्री आभाळ निरभ्र होतं. राहू दे म्हटलं, वाऱ्यावर अजून सुकेल.

मोठी आई, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गावात काय निघतं ते मी पन्नाशीला येईपर्यंत दरवर्षी पाहत आलो आहे. गावातली सगळी रोगराई, सगळी ईडापीडा त्या मारबतीच्या पुतळ्याच्या माथी मारायची, ओरडत मिरवत न्यायची आणि शिवेबाहेर जाळून मागे न पाहता घरी यायचं. दरवर्षी ती रस्त्याच्या कडेलाच तयार उभी असते. एवढं माहीत असून, आदल्या संध्याकाळी रस्त्याच्या कडेला, बंडीवर, लुगडं नेसलेली, डोळे वटारलेली बाई ठेवून मी गाढ झोपी गेलो. याला काय म्हणायचं ते तूच म्हण, तुझ्याकडे शब्द आहेत.

पहाटे आरडाओरड्याने जाग आली, बाहेर पाहतो तर बंडी गायब. धावत तलावाच्या पाळीवर पोचलो तेव्हा शंभरेक माणसं जमली होती, मूर्ती खाली उतरवून भोवती तुराट्या रचल्या होत्या, आणि भैय्याजी, जो दरवर्षी यात पुढे असतो, तो खोकला-पडसं, ढेकूण-मच्छर, सगळं नाव घेऊन घेऊन तिच्यासोबत पाठवत होता. मला पाहताच त्याने मिठीच मारली. "हेमराजभाऊ, काय मारबत बनवली गा तुमी! पाहूनच रोग पळून जाईन." मी ओरडलो, थांबा, ही मारबत नाही. भैय्याजी म्हणाला, "मारबत नाही तं मंग काय होय?"

आणि इथे, मोठी आई, मी अडकलो. ती कोण आहे हे सांगितलं असतं तर मूर्ती वाचली असती. पण जिच्या नावाने गावभर नुकताच खोकला ओरडून झाला, तिचं नाव शंभर माणसांत कोणत्या तोंडाने सांगायचं? एकदा नाव निघालं असतं तर त्या माउलीला या गावात जन्मभर मारबतच म्हटलं असतं. मूर्ती वाचवू की माणसाची अब्रू? मी मान खाली घातली आणि म्हणालो, मारबतच होय.

काडी लागली. तणस आतून कोरडं होतं, भडकन पेटलं. माझ्या साऱ्या मेहनतीचा धूर होत होता, आणि काय झालं कोण जाणे, मला रडू यायच्या ऐवजी राग आला. घोरपडीचा, भोपळ्याचा, कानातल्या त्या आवाजाचा. मी सगळ्यांपुढे जाऊन नरडं फुटेस्तोवर ओरडलो, "लोक काय म्हन्तीन थे घेऊन जाऽऽ गे मारबत!" लोकांना ते इतकं आवडलं की सगळ्यांनी तीनदा म्हटलं. मग मी म्हटलं, "हेमराजचं भेव घेऊन जाऽऽ गे मारबत!" तेही म्हटलं. मनावरचं ओझं उतरलं. तेव्हा तुझ्या आशीर्वादाने मी आता पक्का आहे, हरलेलो नाही, मंडईला दुसरी मूर्ती उभी करणारच. दादाला, वहिनीला नमस्कार. गुडघा सांभाळ.

तुझा,
हेमराज

ता. क. तू मागच्या खेपेला इथे विसरून गेलीस ते हिरवं लुगडं आता शोधू नकोस. (गुड्डी, काठी.)

होय, मोठी आई. ती तूच होतीस. पिंटूने सगळ्याचा व्हिडिओ काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. त्यात तुझ्यासमोर सगळ्यात मोठ्याने ओरडणारा मीच आहे. ओरडण्याचं कारण वर लिहिलंच आहे, व्हिडिओत ते दिसत नाही. लहानपणी मी चिखलात लोळून आलो की तू म्हणायचीस, "पाहा, तोंडाची मारबत करून आला पोट्टा." आता कोणी कोणाच्या तोंडाची मारबत केली, हे मी बोलत नाही.

दुसरा ता. क. वर मी पक्का आहे वगैरे लिहिलं, ते त्या सकाळपुरतं खरं होतं. दुसऱ्या दिवशी तो आवाज पुन्हा कानात येऊन बसला, आणि मी पोतं खांद्यावर टाकून तलावावर निघालो. परीक्षा ठरलेली होती, आणि मूर्ती कोणी ओळखली नव्हती ना! पाळीवर पोचलो तर राखेपाशी तुझ्या ओळखीची गिरजाबाई उभी. शेतावर जाता जाता थबकली होती आणि वाकून काहीतरी पाहत होती. अंग सगळं ढासळलं होतं, पण चेहरा तेवढा भाजून विटेसारखा पक्का झाला होता. ओल्या मातीला आच लागली की ती तडकते. आठ्यांची माती मी वरून लावली होती, ती फुटून उडाली होती आणि कपाळ साफ झालं होतं. आवळलेल्या ओठांचाही एका बाजूचा टवका गेला होता. गिरजाबाई तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अवो माय, हे तं आनंदाबाई होय! हासून राहिली पाहा."

मी काही सांगितलं नव्हतं, मोठी आई. तिने आपणहून ओळखलं. मी तिथेच राखेत बसलो आणि रडलो, गिरजाबाईला वाटलं तुझंच काही बरंवाईट झालं. तिच्याकडून नंतर शपथ घेतली आहे, ती कोणाला सांगणार नाही. पोतं मी परत घरी आणलं. चेहरा दुकानात मोटारींच्या वरच्या फळीवर ठेवला आहे.

मी पहिल्यांदा चिखलाचा बैल केला होता, तो पाहून घरात सगळ्यांनी हे काय होय म्हणून विचारलं. तू विचारलं नाहीस. तू उचलून देव्हाऱ्यात ठेवलास आणि पोळ्याला त्याला हळदकुंकू लावलंस. म्हणून आता खरं मागणं मागतो, बाकीचं पत्र त्यासाठीच लिहिलं. मंडईच्या आधी इकडे ये आणि माझ्यासमोर बस. पाठ फिरवायची नाही. पुढे कधी भिंतीवर तुझं काही लावायची वेळ आली तर आम्ही काय आधार कार्ड मोठं करून लावायचं? मला तू जशी आहेस तशी, तुझ्या समोर बसून, तू हयात असताना करायची आहे.

शेवटचा ता. क. पोळ्यापासून आमच्या गल्लीत कोणाला ताप नाही की खोकला नाही, म्हणून भैय्याजी पुढच्या वर्षीच्याही मारबतीचं काम मला देऊन गेला आहे. तेव्हा येताना तलावाच्या पाळीवरून येऊ नकोस. शिवेबाहेर गेलेली मारबत परत येत नसते, लोक घाबरतील. सरळ साकोलीच्या रस्त्याने ये. रागावून आलीस तरी चालेल, पण आठ्या या वेळी तुझ्या तुलाच सांभाळाव्या लागतील, मी कोरणार नाही.