एकेचाळिसावा पेपर

५ एप्रिल

ती. आबांना,
शि. सा. न.

इकडे सगळं ठीक. नळाला पाणी आहे, घरमालकीणबाई अजून बोलत्या आहेत आणि या आठवड्यात मी एकदाच उपाशी झोपले, तेही आळसाने. एवढं आईला वाचून दाखवा. पुढचं तुम्ही एकट्याने वाचा, कारण माझं डोकं चालेनासं झालंय.

नववीच्या इतिहासाचे पेपर तपासायला घेतले. वर्गात मुलं एकेचाळीस, त्या दिवशी एक गैरहजर, म्हणजे पेपर हवेत चाळीस. गठ्ठ्यात निघाले एकेचाळीस. तीनदा मोजले. एकावर नाव नाही, नंबर नाही, पर्यवेक्षकाची सही नाही. आणि तो वर्गातला सगळ्यात चांगला पेपर आहे.

अक्षर मात्र मी ओळखलं. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, बोलत नाही म्हणून मुलं तिला गप्पू म्हणतात. तिचा 'क्ष' असा असतो की जणू बसून जोडे घालतोय. दोन्ही पेपरांत तोच 'क्ष'. आता मला सांगा, तीन तासांत एक मुलगी दोन पेपर लिहील कसे, आणि कशाला? आणि लिहिलेच, तर जास्त चांगला पेपर बिननावी का ठेवील?

मुख्याध्यापकांना दाखवायला हवं. त्यांना मुलं 'फूटपट्टी' म्हणतात, यावरून काय ते समजा.

माया आहे तशीच राहू द्या.

तुमची धाकटी

१० एप्रिल

चि. ठमाबाईस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. उपाशी झोपल्याचं आईला वाचून दाखवलं आणि पस्तावलो. दोन दिवस तेच ऐकतोय.

मोजण्यात तू लहानपणापासून कच्ची, म्हणून तर इतिहास घेतलास. पण तीनदा चुकायची नाहीस. माझ्या मास्तरकीतली एक गोष्ट सांगतो. दोन्ही पेपर शेजारी ठेव आणि बरोबर उत्तरं बघू नकोस, ती सगळ्यांची सारखीच असतात. चुका बघ. एकाच डोक्यातून निघाले असतील तर चुका जुळतील.

आणि त्या मुलीला इतक्यात दटावू नकोस. गप्प पोरं दटावली की कायमची गप्प होतात.

जेवत जा. आईच्या आणि माझ्या आठवणीत रोज असतेसच.

आबा

१५ एप्रिल

ती. आबांना,
शि. सा. न.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी दटावून बसले होते.

गप्पूला स्टाफरूममध्ये बोलावलं, दोन्ही पेपर पुढे ठेवले. तिने बिननावी पेपरकडे बघितलं मात्र, कानापर्यंत लाल झाली. हा तुझाच ना, विचारलं. मान हलवून नाही म्हणाली. मग कोणाचा? त्यावर जी गप्प बसली ती बसलीच. मग पेपर फूटपट्टींकडे नेले. त्यांनी शांतपणे सांगितलं, मुलगी बोलेपर्यंत निकाल राखून ठेवा. मी मान डोलावली. का डोलावली, कोण जाणे.

मग तुमचं ऐकलं. चुका जुळत नाहीत, आबा. गप्पू सनावळीत घसरते, बिननावी मात्र सनावळीत पक्का आणि ऱ्हस्व-दीर्घात बेफाम. शिवाय तहाच्या प्रश्नात एक उदाहरण आहे: दोन शेजाऱ्यांची भिंत एक, आणि दुरुस्तीची वेळ आली की ती दुसऱ्याची. हे पुस्तकात नाही, मी कधी शिकवलेलं नाही. चित्रकलेचे सर ऐकून हसले. म्हणाले की हे जुन्या इतिहासाच्या सरांचं ठरलेलं वाक्य, आणि ते निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. सहा वर्षांपूर्वी गप्पू तिसरीत होती!

अक्षर एकीचं, चुका दुसऱ्याच कोणाच्या, उदाहरण निवृत्त माणसाचं. मी वर्गात जाते तेव्हा गप्पू खाली बघते आणि मीही.

पत्राची वाट बघते.

तुमची धाकटी

२१ एप्रिल

ती. आबांना,
शि. सा. न.

उलगडा झाला, आणि मी आधीपेक्षा जास्त गोंधळलेय.

काल निकाल लागला. सूचनाफलकावर यादी लावायची म्हणून आमच्या शाळेच्या शिपाई मावशींकडे दिली. घंटा देणं, पाणी भरणं, नोटिसा लावणं, सगळं त्याच करतात. गप्पू ही त्यांचीच मुलगी, हे तुम्हाला लिहायचं राहूनच गेलं. खरं सांगायचं तर मला माहीत असून मीही ते कधी जोडून बघितलं नव्हतं. टाचण्या लावता लावता मावशींनी वाचलं, की त्यांच्या मुलीचा निकाल राखून ठेवलाय. पोरीने घरी अवाक्षर काढलं नव्हतं.

टाचण्यांची डबी हातात घेऊनच त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "बाई, तो पेपर माझा आहे."

मावशींची शाळा नववीत सुटली. अकरा वर्षं त्यांचं स्टूल नववीच्या खिडकीखाली आहे. जो जो शिकवायला आला, त्याचं त्यांनी ऐकलं. लिहायची सवय मोडली होती. ती गप्पूच्या जुन्या वह्या गिरवून पुन्हा लावली, म्हणून अक्षर तिचं. परीक्षेला एक मुलगा आला नाही, त्याची प्रश्नपत्रिका आणि कोरा पेपर ऑफिसात परत न्यायला मावशींकडे दिला. त्यांनी तो नेला नाही. व्हरांड्यात मांडीवर धरून लिहिला. मधल्या घंटाही वेळेवर दिल्या.

मी विचारलं, गठ्ठ्यात कशाला घातलात? त्यांनाही नीट सांगता येईना. म्हणाल्या की वाटलं, कोणीतरी तपासावा.

आता मी काय करू? सांगितलं तर त्यांची नोकरी जाईल. नाही सांगितलं तर पोरीवरचा आळ कसा निघेल? मी हो म्हटलं नसतं तर इथवर आलंच नसतं. उलट टपाली कळवा.

तुमची धाकटी

२६ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आज तुला ठमाबाई म्हणवत नाही.

पहिलं पत्र लिहिलं, त्यात नियम म्हणजे नियम, जाऊन सांग, असं ठणकावलं होतं. पेटीपर्यंत गेलो आणि परत आलो. दुसऱ्यात गप्प राहा म्हटलं. तेही फाडलं. नऊ वर्षं मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलो, दुसऱ्यांना घटकेत सल्ले दिले, आणि आज स्वतःच्या मुलीला चार ओळी लिहिता येत नाहीत. आई म्हणते, तुम्ही दोघं मिळून त्या बाईचं ठरवताय, तिला कोणी विचारलंय का?

तिला विचार. आणि पोरीची माफी माग, त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आमचं लक्ष तुझ्याकडेच लागलेलं आहे.

आबा

२ मे

ती. आबांना,
शि. सा. न.

आईला माझा दोनदा नमस्कार सांगा.

विचारायला गेले तर मावशी निघालेल्याच होत्या, मुख्याध्यापकांच्या खोलीकडे. मी मागून गेले. त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. फूटपट्टींनी नियमांचं पुस्तक काढलं, बराच वेळ चाळलं. शिपायाने परीक्षेला बसू नये, असा नियम कोणी केलेलाच नाही, कारण असं कोणाच्या मनातच आलं नसणार. शेवटी एका कोऱ्या पेपराचा गैरवापर, म्हणून लेखी ताकीद दिली. गप्पूचा निकाल मोकळा केला. मग चष्मा पुसत मला विचारलं की बाहेरून परीक्षेला बसायचे फॉर्म हल्ली कुठे मिळतात. मी आणून दिला. मावशींनी घडी करून ठेवलाय. भरतील की नाही, सांगता येत नाही.

गप्पूची माफी मी वर्गासमोर मागितली. तिने बरं म्हटलं आणि पुस्तक उघडलं. माफ केलं की नाही, तेही कळलं नाही.

ताकिदीवर सही करून मावशी दाराशी थांबल्या. मला वाटलं, नोकरीचं विचारतील. त्यांनी हळूच विचारलं, "मार्क किती पडले?"

ऐंशीपैकी अठ्ठावन्न, मी सांगितलं.

"आणि तिला?"

एकावन्न.

त्यांनी पदराने तोंड पुसलं. हसू लपवलं की आणखी काही, मला दिसलं नाही.

"तिला सांगू नका," म्हणाल्या, आणि पाणी भरायला गेल्या.

मी अजून सांगितलेलं नाही. बरोबर केलं ना?

तुमच्या मायेवरच चाललंय, ती कमी होऊ देऊ नका.

तुमची धाकटी