पडद्यामागून पाहिलेला राजपुत्र

पुसेगाव,
३ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. शितलताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. आपल्या घरात फोन स्पीकरवरच लागतो, शेळ्यासुद्धा कान टवकारतात, आणि मेसेज शिवहार वाचतो. सांगायचं आहे ते त्याच्याच पराक्रमाबद्दल, म्हणून पोस्टाला त्रास.

आपल्या बंधुराजांना आजीचा सिनेमा सापडलाय. तोच, घोडेवाल्या राजपुत्राचा, लग्न होऊन आली त्या साली नरसीच्या जत्रेत तंबूत पाहिलेला. जुन्या सिनेमांच्या कुठल्याशा ग्रुपवर यानं विचारलं आणि कुणीतरी लगेच पाठवला. शेतीचं काही विचारलं असतं तर असं झालं नसतं.

राजपुत्र तलवार डाव्या हातानं चालवायचा, घास डाव्यानं घ्यायचा, देवाला फूलही डाव्यानंच वाहायचा आणि तरी राज्य त्यालाच मिळालं, हे आजीनं ऐकवलं नाही असा माणूस गावात नाही. तुझ्या राधिकानं उष्टावणाला खिरीत डावा हात घातला, सासूबाई तो बांधायला निघाल्या, तेव्हा आजीनं याच राजपुत्राला साक्षीला उभं केलं. थोरल्या बाईनं डोळ्यांनी पाहिलेलं, म्हणून सासूबाई गप्प बसल्या. पोरीचा हात आजवर मोकळा राहिला तो त्याच्या कृपेनं.

ताई, राजपुत्र उजवा आहे.

घाईत निष्कर्ष नको म्हणून मी सिनेमा दोनदा पाहिला. किल्ला पुठ्ठ्याचा, वारा आला की बुरूज हलतो. घोडा एकच, नायकालाही तोच आणि दुष्ट सेनापतीलाही तोच. पाठलागात बिचारा स्वतःच्याच मागं धावतो. सिंह पेंढा भरलेला आहे, पण अभिनय सगळ्यांत त्याचाच बरा. आणि राजपुत्र प्रत्येक गोष्ट उजव्या हातानं करतो.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तंबूच्या मधोमध पडदा, गडी पुढं आणि बाया मागं, हे आजीच सांगते. मागून सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसणार. अक्षरंही उलटी दिसली असतील, पण मागं बसलेल्या एकीलाही वाचता येत नव्हतं, म्हणून ती कुणाला खटकली नाहीत.

शिवहारचा बेत असा, की २३ तारखेच्या रविवारी कंदुरीच्या मटणाला पाहुणे जमले की सिनेमा टीव्हीवर लावायचा आणि आजीला खूश करायचं. तुझ्या सासूबाई राधिकाला घेऊन येणार आहेतच. मी काय करू? आईनं चुलीपुढं कोळशानं अक्षरं गिरवून घेताना बजावलं होतं, की खोटं लिहायचं नाही आणि बोलायचं नाही. ते माझ्या हाडात मुरलंय. मला झोप नाही.

आहे ती माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
दीपमाला

वसमत,
९ फेब्रुवारी २०२५

चि. दीपमालास,
अ. उ. आ.

पोस्टमननं तुझं पत्र नेमकं सासूबाईंच्या हाती दिलं. तुझं अक्षर इतकं रेखीव, की त्यांना ती बँकेची नोटीस वाटली आणि त्यांनी ते हात पुसून माझ्याकडे सरकवलं. आईनं गिरवून घेतल्याचा एवढा तरी उपयोग झाला.

दीपे, तू सातवीत जास्तीचा मिळालेला एक मार्क परत करायला गेली होतीस आणि वर गुरुजींनाच तकलीफ दिली म्हणून माफी मागून आलीस. तेव्हा मी हसले होते. आता हसू येत नाही. सासूबाईंचं रोज चालू आहे, की जूनमध्ये पोरगी पहिलीत जाईल, तिथं काय मास्तर राजपुत्र हाय व्हय? तुझ्या आजीचा, पंचफुलाबाईचा शब्द हाय म्हणून थांबले म्हणतात, शब्द फिरला की त्याच दिवशी हात बांधते. माझ्या नणंदेचा बजरंग असाच बांधून त्यांनी सरळ केलाय. आज तो उजव्या हातानं लिहितो, फक्त लिहिलेलं त्यालाही वाचता येत नाही. बोलताना अडखळतो ते वेगळंच.

मला आठवा महिना, एसटीचे धक्के सोसणार नाहीत. तिथं माझं माणूस तूच. रिमोटचे सेल काढ, वायर उंदरानं कुरतडली म्हण, काहीही कर. आणि यातलं काहीच जमलं नाही तर निदान तोंड मिटून बस. आयुष्यात एकदा, भाचीसाठी.

तोंड मिटलं तरी जीव लावणं चालू ठेव.
तुझी,
ताई

पुसेगाव,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. शितलताईस,
सा. न. वि. वि.

तू चिडण्याआधी हे वाच, की मी सेल काढले होते. डालड्याच्या डब्यात पिठाखाली लपवले. मग शिवहार ते शोधत घरभर फिरला, आईला बोलला, आणि माझ्यानं राहवेना. मीच काढून दिले. पीठही पुसून दिलं.

सिनेमा सुरू झाला. आजी सगळ्यांत पुढं, पदर सावरून, जणू तिलाच राज्याभिषेक. राजपुत्रानं उजव्या हातानं तलवार उपसली तेव्हा ती टीव्हीच्या आणखी जवळ सरकली. फूल उजव्यानं वाहिलं तेव्हा म्हणाली, की ह्यो टीव्ही बराबर न्हाई. तंबूत खळ्याएवढ्या कापडावर पाह्यलेलं खरं धरायचं का ह्या दीड हाताच्या काचंवरचं? आपले बंधुराज टीव्हीला मागून थापट्या मारू लागले.

तुझ्या सासूबाई गालात हसल्या आणि त्यांनी मलाच विचारलं. शिकलेली पोरगी हाय, खोटं बोलत न्हाई, तीच सांगंल म्हणाल्या. मी गप्प बसायचा प्रयत्न केला, देवाशपथ. पण सगळी बैठक माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, राजपुत्र उजवाच आहे, बायांनी पडद्यामागून पाहिला म्हणून डावा दिसला. आणि पुढं हेही म्हणाले, की त्या रात्री जत्रेतल्या झाडून सगळ्या बायांनी डाव्या हाताचं राज्य पाहिलं आणि एकीचंही काही वाकडं झालं नाही, मग राधिकाचंच काय होणार? इतकं मी घरातसुद्धा कधी बोललेली नाही. सासूबाईंवर परिणाम एवढाच झाला, की म्हणजे सगळं खोटंच व्हतं म्हणा, असं म्हणून त्या उठल्या.

आजीनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

पंगत बसली. राधिकानं सवयीनं डावा हात पुढं केला, तसा सासूबाईंनी तो मनगटाला धरून मांडीखाली दाबला. लेकरू रडलं नाही, उजव्या हाताकडे नुसतं बघत राहिलं. समोर आजी बसली होती. तिनं आपला उजवा हात पाठीमागं नेला आणि डाव्या हातानं भाकरी मोडली.

मोडली म्हणजे काय, फाडली. रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत गेला. घास तोंडाऐवजी हनुवटीला लागला, निम्मा कंदुरीचा रस्सा नव्या लुगड्यावर. तुझ्या सासूबाई घाबरल्या, आजी, आवं ह्ये काय करून राहिल्या म्हणाल्या. आजीचं उत्तर, की लेकराचा बांधायचा तर आदुगर माझा बांध. ऐंशीला टेकलेल्या बाईचा हात भर पंगतीत कोण धरणार? सासूबाईंची मूठ आपोआप सुटली.

राधिका उठून आजीच्या ताटाशी जाऊन बसली. आजीची बोटं धरून तिला दाखवू लागली, की आज्जे, अशी न्हाई, अंगठा आत घे, अशी. आजी मुकाट शिकत होती. चौथा-पाचवा घास नीट गेला तेव्हा पोरीनं शाबास म्हटलं.

तुझ्या सासूबाईंनी रस्सा दोनदा मागितला, आणि निघताना मला म्हणाल्या, की कोणत्याबी हातानं का होईना, अक्षर तेवढं धड काढायला सांग तुझ्या भाचीला. यापेक्षा जास्त माझ्या ऐपतीत नव्हतं, ताई.

आजी अजून माझ्याशी बोलत नाही. जेवते मात्र डाव्याच हातानं, आणि तिची लुगडी धुवायला माझ्याकडे टाकते.

रागावलीस तरी चालेल, पण परकी करू नकोस.
तुझी,
दीपमाला